पित्त

बेडूक आता कापत नाहीत. तो फक्त वहीत उरला,
एचबी पेन्सिलीचा, पोट उघडं आणि तरी हसरा.
म्हणून तिसऱ्या सेमिस्टरला रोहू.
सकाळी उरकुडाभाऊ लॅबची बादली घेऊन
अर्जुनीच्या गुजरीत गेले, सात नग घेऊन आले.
कुणाच्या पाटीतले, ते विचारावं लागलं नाही:
कल्ल्याखाली अंगठा घालून ताजेपणा दाखवायची
आईची सवय सातहींच्या गालांवर उमटलेली होती.

संध्याकाळी तीच सांगत होती,
"कापून देऊ का म्हटलं, त नाई म्हणे.
पोरं कापतीन म्हणे, कॉलेजात!
मंग तुले तेथं कायले धाडलं म्या?"

ट्रेमध्ये मेण, मेणावर मासा, चार टाचण्या.
बाहेरून आलेले परीक्षक चष्मा कपाळावर चढवून म्हणाले,
पचनसंस्था उघडा. वेळ पाऊण तास.

घरी पातं थांबलेलं असतं, मासा चालतो:
पावशीवर पाय, दोन्ही हात मोकळे,
मान इकडे, शेपूट तिकडे, एकच ओढ.
इथे मासा टाचलेला. चालायचं पात्यानं.
माझी पहिली चीर वाकडी गेली.
मग मी स्टुलावर बसल्या बसल्या
मनातल्या मनात मांडी घातली.

आतडं उलगडलं, वेटोळ्यातून वेटोळं.
यकृत. आई त्याला कारीज म्हणते.
वाताशय. बोडीवरची पोरं त्याला फुगा म्हणतात
आणि टाचेखाली फट्‌कन फोडतात.
आणि यकृताच्या आड, काळपट हिरवं,
मुगाच्या शेंगेएवढं, तट्ट भरलेलं:
"त्याले धक्का लावू नोको वं. फुटलं का सारा मासा कडू."
सात वर्षांची होते तेव्हा हा धडा झाला.
पुस्तकात तो पान दोनशे चौदावर आहे,
एका बाणाच्या टोकाशी, एकच शब्द.

परीक्षक वाकले. "पित्ताशय अखंड!
नाव काय? वलथरे?
इतकं स्वच्छ कुठे शिकलीस?"
उरकुडाभाऊ दारात फडकं पिळत उभे होते.

"यूट्यूबवर, सर."

फडकं पिळणं थांबलं.
मग पुन्हा सुरू झालं.

नीट दोनदा दिली. तीनशे अठ्ठ्याण्णव, मग चारशे एकाहत्तर.
बायोनं मला कधी दगा दिला नाही.
मला पाडतो तो उतरत्या फळीवरचा ठोकळा,
घर्षण नसलेला, गाव नसलेला,
खाली कुठे जाऊन पडतो ते कुणी सांगत नाही.
बाजाराच्या दिवशी तागडीमागे बसून
मी त्याला अडवत असते.
डीएमएलटीचा फॉर्मही भरून ठेवलाय.
आईला सांगितलेलं नाही.
म्हणजे तिला माहीत आहे.

"माणसाले असते का वं पित्त?"
खवले उडत होते. एक येऊन चिकटला
सराव पेपरच्या गोलावर,
प्रश्न एकशे बारा, पर्याय तीन.
मी तिचा ओला हात धरून तिच्याच बरगड्यांखाली
उजवीकडे टेकवला. "इथं."
"अन त्यात खडे झाले त?"
"काढून टाकतात. त्याच्याविना जगतो माणूस."
"मंग एवढं कडू पोटात ठेवलं कायले?"

चरबीचं पचन, मी म्हणणार होते,
पाठ केलेलं, चार गुणांचं.
पण गिऱ्हाईक आलं, दीड किलोचा मरळ,
आणि तिचा हात अजून बरगड्यांखालीच होता,
काहीतरी मोजत असल्यासारखा.
तिनं कोपरानं पावशी माझ्याकडे सरकवली.

मी वही मिटली, पाय रोवला.
पित्त फुटू दिलं नाही.
गिऱ्हाइकाच्या मागे कॉलेजची दोन पोरं उभी होती,
मोबाईलमध्ये मान घालून.
कुठे शिकलीस, असं त्यांनी विचारलं असतं
तर आज मी सांगितलं असतं.
कुणी विचारलं नाही.